सागरकन्येची टाकी

चिंचखेडच्या धरणावर मच्छीमार सोसायटीची एक मोटारबोट होती. तिचं नाव सागरकन्या. वऱ्हाडात समुद्र कुठला? पण बोट कोकणातून आलेली, आणि नाव तिच्या नाकाडावर पांढऱ्या रंगात तिकडूनच लिहून आलेलं. बासष्ट साली ती जुनी म्हणून सोसायटीला मिळाली. अकोल्यापर्यंत मालगाडीनं आली आणि पुढं ट्रकवर दोरखंडांनी बांधून. बार्शीटाकळीच्या बाजारातून ट्रक गेला तेव्हा लोक गिऱ्हाईक सोडून दुकानाबाहेर आले होते.

बोटीबरोबर कोकणातला एक खलाशी पंधरा दिवस राहिला आणि त्यानं नत्थुजी भोयाला इंजिन शिकवलं. नत्थुजीचा जन्म नदीवर जाळी टाकण्यात गेला होता. पन्नाशी जवळ आलेल्या त्या माणसानं हँडल मारून पहिल्यांदा इंजिन सुरू केलं तेव्हा तो इतका हरखला, की घरी येऊन बायकोला म्हणाला, "सुंदरा, माह्या हातात हत्ती आला व."

त्या दिवसापासून बोट म्हणजे नत्थुजी आणि नत्थुजी म्हणजे बोट. पाणी उतरलं की धरणाच्या पल्याडच्या खोल भागात बोटीशिवाय जाता येत नसे. तिकडची मरळ आणि कतला घेऊन सागरकन्या सकाळी काठाला लागायची, आणि सुंदराबाई आपली टोपली भरून पहिल्या गाडीनं अकोल्याला जायची. त्यांची एकुलती लेक शकुन लग्न होऊन धारणीकडे गेली होती. घरात दोघंच.

सहासष्टच्या फाल्गुनात सोसायटीचे अध्यक्ष पंजाबराव यांनी नत्थुजीला सोसायटीच्या खोलीत बोलावलं. पंजाबराव गावातले मोठे शेतकरी, बोलायला रोखठोक. खोलीत आणखी सात-आठ सभासद बसले होते. डबा द्यायला आलेली सुंदराबाई दारातच थांबली.

"नत्थुजी," पंजाबराव म्हणाले, "सांजच्याले आमी टाकीत काडी बुडवून डिझेल मोजतो. पहाटी तू बोट सोडाच्या आंधी मोजलं तं चार बोटं कमी. महिना झाला, हेच चालू हाय. टाकी रातच्याले डिझेल पेते का?"

नत्थुजीला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला तसा त्याचा चेहरा उतरला.

"मंग मी काय करतो म्हन्ता भाऊ?"

"मी काईच म्हनत नाई. पन गावात पाच विहिरीवर ऑइल इंजिन चालून राह्यले, आन बोट तुह्या ताब्यात असते. लोकं म्हन्तात."

"कोन म्हन्ते? सामने या म्हना."

कुणी सामने आलं नाही, आणि कुणी नत्थुजीची बाजूही घेतली नाही. ज्यांच्याबरोबर त्यानं तीस वर्षं जाळी ओढली तेही खाली पाहत बसले. पंजाबरावांनी हात पुढं केला. नत्थुजीनं इंजिनाचं हँडल त्या हातावर ठेवलं. ते आत ठेवून कपाटाचं दार लावल्याचा आवाज सुंदराबाईला दारात ऐकू आला. डबा तसाच भरलेला घेऊन ती नवऱ्यामागून घरी आली.

घरी आल्यावर तिनं विचारलंच. विचारायचं नव्हतं, पण विचारलं.

"अजी, खरंच काई नाई ना?"

नत्थुजी तिच्याकडं पाहतच राहिला. "तुले बी?" एवढंच म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून आडवा झाला. सुंदराबाईला आपली जीभ तोडून टाकावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी बोट हलली नाही. तरी आदल्या दिवशीची थोडी मासळी ओल्या गोणपाटात ठेवलेली होती. घरात बसून नवऱ्याचं गप्प तोंड पाहण्यापेक्षा बाजार बरा, म्हणून सुंदराबाई ती घेऊन अकोल्याला गेली.

बाजारात टोपली उघडते तोच कौशल्या पुढं येऊन उभी. कौशल्या तिचं नेहमीचं गिऱ्हाईक. उंच, शांत बाई, दर आठवड्याला येणारी. पण आज तिच्या हातात पिशवी होती, आणि पिशवीत दोन दिवसांपूर्वी घेतलेल्या कतल्याचा तुकडा.

"सुंदराबाई, राग नोका मानू. पन हे खाल्लं नाई गेलं. वास येते."

आधीच सुंदराबाईचं मन भरून आलेलं. ती भडकली. "वास? माह्या मासोयीले? सकायी पकडलेली मासोयी मी दुपारी इकते. तुमच्या कढईलेच वास असंन!"

"सडका वास नाई म्हटलं मी." कौशल्या तिच्यासमोर उकिडवी बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "माहे मालक कापसाच्या जिनात फिटर हायेत. चवदा वर्सं झाली, मी त्याइचे कपडे धुते. थो वास मले झोपीत बी समजते. तुमच्या मासोयीले डिझेलचा वास हाय बाई. मागच्या हप्त्यातबी होता. मी बोलली नाई."

सुंदराबाईनं टोपलीतली मरळ उचलून नाकाशी नेली. तिला काही कळेना. आणि कळणार तरी कसं? ज्याच्या अंगाला, पांघरुणाला, पागोट्याला चार वर्षं तोच वास, त्याच्याच घरात ती राहत होती. गेल्या महिन्यात आठ-दहा गिऱ्हाइकं तिच्यापुढून न थांबता गेली होती. ती समजत होती, उन्हाळा लागला म्हणून.

मरळ हातात धरून ती बसून राहिली. मासळी बोटीच्या तळाशी ठेवतात, फळ्यांवर. मासळीला डिझेल लागलं, म्हणजे डिझेल तळाशी आहे. तळाशी आहे, म्हणजे ते टाकीतून खाली येतंय. मग ते विहिरीवर कुठून जाईल?

"कौशल्याबाई," ती उठत म्हणाली, "तुमचे मालक आत्ता घरी भेटतीन का?"

कौशल्येचा नवरा देवमन नुकताच पाळी संपवून आला होता आणि भाकरी खात होता. एका खोलीचं घर, शेणानं सारवलेलं, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली ओळीनं लावलेले पान्हे. सुंदराबाई उंबऱ्यातून बोलायला लागली ती थांबेचना. देवमननं भाकरी संपेपर्यंत सगळं ऐकून घेतलं.

"टाकी कशाची हाय? लोखंडाची का पत्र्याची?"

"मले नाई ठाऊक."

"कुठी बसवली? इंजिनाच्या वर का खाली?"

"थेबी नाई ठाऊक, भाऊ. फळ्याइच्या खाली हाय, इतलं ठाऊक."

"मी जन्मात बोट पाह्यली नाई," देवमन हात धूत म्हणाला. "पन टाकी कुठंबी गेली तरी टाकीच असते. आइतवारी जिन बंद राह्यते. येतो."

रविवारी तो आला तेव्हा काठावर निम्मं गाव जमलं होतं. पंजाबरावही आले, सुंदराबाईनं स्वतः त्यांच्या वाड्यावर जाऊन त्यांना बोलावलं होतं. नत्थुजी मात्र लांब दगडावर बसून होता. "जिनातल्या मानसाले बोटीचं काय समजते," असं तो दोनदा पुटपुटला, पण देवमन बोटीत चढताना तिच्या काठावर पाय देतो की मध्ये, हे तो डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत होता.

देवमननं आधी तळातलं सगळं पाणी उपसलं आणि चिंध्यांनी तळ कोरडा पुसला. वरच्या फळ्यांमध्ये एक झडप होती. तिच्यातून हात घातला की टाकीचा पुढचा भाग लागायचा. मागचा भाग फळ्यांखाली अंधारात. मग त्यानं सुंदराबाईकडं चुलीतली राख मागितली. तिनं दोन सुपं राख आणली. ती त्यानं टाकीखाली, हात पोचेल तिथवर दाट पसरली, टाकी काठोकाठ भरायला लावली आणि म्हणाला, "आता बसा. भाकर खाऊन घेऊ."

सुंदराबाईनं पिठलं आणि ज्वारीच्या भाकरी आणल्या होत्या. जेवण झाल्यावर देवमननं पाण्यासाठी ओंजळ पुढं केली, जन्मापासून करत आला होता तशी. सुंदराबाईनं वरून पाणी ओतलं नाही. लोटाच त्याच्या ओंजळीत ठेवला.

"हात चिकट हायेत माहे," देवमन म्हणाला. "लोटा खराब होईन."

"घासता येते लोटा," ती म्हणाली.

काठावरच्या दोघा-तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. नत्थुजीनंही पाहिलं. मग तो उठून आला, आणि देवमननं पाणी पिऊन ठेवलेला तोच लोटा उचलून त्यानं तोंडाला लावला.

ऊन कलायला लागल्यावर देवमन झडपेतून आत वाकला. बाहेर आला तो मूठभर राख घेऊन. कोरडी पसरलेली राख काळी, चिकट झाली होती. ती त्यानं पंजाबरावांच्या तळहातावर ठेवली.

"वास घ्या, साहेब."

पंजाबरावांनी वास घेतला. हात पुसला, पुन्हा वास घेतला. "मंग टाकीच फुटकी हाय म्हना," ते म्हणाले आणि इकडंतिकडं पाहून घराकडं निघाले. नत्थुजीशी बोलले नाहीत. पण जमलेल्या लोकांतून एक जण नत्थुजीजवळ जाऊन त्याच्या शेजारी दगडावर बसला, मग दुसरा. सुंदराबाईनं पदर तोंडाला लावला. रडायचं नाही असं ठरवून आली होती.

टाकी फुटकी आहे हे कळलं. ती काढायची कशी, हा पुढचा पेच. देवमननं सुतळीनं झडप मोजली, टाकी मोजली, आणि मान हलवली. कोकणातल्या सुतारांनी टाकी आधी ठेवली होती आणि फळ्या नंतर ठोकल्या होत्या. टाकी झडपेतून बाहेर येणं शक्यच नव्हतं.

"फळ्या कापाव्या लागतीन," कुणीतरी म्हणालं.

"फळीले हात लावू देनार नाई!" नत्थुजी दगडावरून उठला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा आवाज चढवून. "सागवान हाय थे. एकडाव कापलं का पानी धरते, मंग बोट गेली. मले चोर म्हना, पन फळी कापू नोका."

देवमन हसला. "कोन कापते फळी? म्हातारी टाकी तशीबी मेलीच हाय. तिलेच कापू. आन नवी एक मोठी कराच्या जागी दोन लहान करू, झडपीतून जातीन अशा. मंदात नळीनं जोडू."

नत्थुजी त्याच्याकडं पाहत राहिला. मग पहिल्यांदाच बोटीजवळ आला. "अन् खालून कोनती लाकडं देसान मिस्त्री? मी दाखवतो, या."

दुसऱ्या रविवारी कापायचं काम झालं. सगळं डिझेल काढलं, सोड्याच्या उकळत्या पाण्यानं टाकी तीनदा धुतली आणि मग ती पाण्यानं भरली. नत्थुजीनं सवयीनं बिडी काढली तशी देवमननं ती त्याच्या ओठातूनच काढून पाण्यात फेकली. "रिकामी टाकी भरल्यापेक्षा वंगाळ असते, नत्थुजी. डिझेल निंगून जाते, वाफ राह्यते. जिनात एकानं अशीच टाकी ज्योतीनं डागायले घेतली, आन थे फुटली. त्याचा चेहरा अजून पाहवत नाई." म्हणून गॅस नाही, ज्योत नाही, छिन्नी आणि हातोडा. पाणी थोडं थोडं उतरवत दोघांनी आळीपाळीनं घाव घातले. दिवसभर धरणावर तो ठणठणाट घुमत होता. संध्याकाळपर्यंत लोक पांगले. राहिले तिघंच.

शेवटचा, तळाचा तुकडा निघाला तो देवमननं हातात घेऊन उन्हाकडं धरला. पत्र्यातून प्रकाश आला. चाळणीसारखी बारीक भोकं. पण देवमन पत्र्याकडं पाहत नव्हता. तो टाकीच्या जागी वाकला आणि तिथून त्यानं काळं, गळणारं, कुजकं काहीतरी ओढून काढलं. दुमडलेलं गोणपाट होतं ते.

"हे कोनं ठेवलं?"

नत्थुजी खाली बसला. मग म्हणाला, "म्या."

बोट नव्यानं आली तेव्हा टाकी लाकडावर आदळायची, तिचा खडखडाट व्हायचा. नत्थुजीच्या जिवाला ते लागायचं. एक दिवस त्यानं झडपेतून बांबूनं रेटत रेटत टाकीखाली गोणपाट सारलं. आवाज बंद झाला. पुढं दर पावसाळ्यात जुन्यावर एक नवं. लेकराखाली गोधडी घालावी तसं.

"पोतं पानी पेते," देवमन शक्य तितक्या हळू म्हणाला. "पेते आन सोडत नाई. चार वर्सं टाकी ओल्यात बसली. वरून चांगली, खालून खाल्ली."

"म्हंजे म्याच." नत्थुजीनं डोक्याला हात लावला. "माह्याच हातानं."

सुंदराबाईला काय करावं सुचेना. नुकता कुठं आळ उतरला होता, नुकते लोक त्याच्याशेजारी येऊन बसायला लागले होते. आता हे कळलं तर? चोर नाही तर अडाणी. बोट दुसऱ्या कुणाच्या हातात देतील, आणि बोट गेली की हा माणूस जाईल.

देवमनला तिच्या तोंडावरून समजलं असावं. "समुद्रातून आली बोट," तो दुसरीकडं पाहत म्हणाला. "खारं पानी लोखंडाले खातेच. तेबी खोटं नाई."

तो हातपाय धुवायला गेला. सुंदराबाईनं ते गोणपाट उचललं, टोपलीत घातलं, वर पदर टाकला आणि घरी आणलं. ओलं होतं, चुलीत जळेना. तिनं ते परड्यात पुरलं. नत्थुजी ओसरीवरून पाहत होता. अडवलं नाही, की मदत केली नाही.

नव्या टाक्या देवमननं जिनातल्या मोठ्या मिस्त्रीला विचारून तिथल्याच कारखान्यात केल्या. दोन्ही चिंचखेडला आणायच्या त्या सुंदराबाईच्या बाजाराच्या गाडीनंच. एकेक टाकी डोक्यावर घेऊन सुंदराबाई आणि कौशल्या स्टेशनात शिरल्या तेव्हा फलाटावरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय व बाई, रुखवताची पेटी का?"

"होय बाबा," कौशल्या न हसता म्हणाली, "सागरकन्येचं लगन हाय." सुंदराबाईला इतकं हसू फुटलं, की टाकी डोक्यावरून घसरता घसरता राहिली. डब्यातल्या बायांनी सरकून टाक्यांना जागा दिली.

तिसऱ्या रविवारी त्या झडपेतून आत गेल्या, बोटभर जागा ठेवून. खाली नत्थुजीनं स्वतः रंधा मारलेल्या सागवानी पट्ट्या, अंतरा-अंतरानं, वारा खेळेल अशा. पंजाबराव आणि सभासद काठावर आले होते. पंजाबरावांनी वाकून सगळं पाहिलं, पट्ट्यांवर हात फिरवला.

"काम चांगलं झालं मिस्त्री. पन एक सांगा, जुनी सडली कायनं?"

सुंदराबाईनं तीन दिवस उत्तर पाठ करून ठेवलं होतं. तिनं तोंड उघडलं. "भाऊ, खाऱ्या पान्यानं..."

"पोत्यानं," नत्थुजी बोटीतून म्हणाला.

तो बाहेर येऊन उभा राहिला, हात पुसत. "टाकी वाजे म्हनून म्या तिच्याखाली पोतं घातलं होतं, भाऊ. दर साली घातलं. पोत्यानं पानी धरलं आन टाकी खाल्ली. डिझेल म्या इकलं नाई, पन गेलं थे माह्यापाईच गेलं."

सुंदराबाईला नवऱ्याचा राग आला, आणि रागाच्या पोटातच असं काही वाटलं की तिला त्याच्याकडं पाहवेना.

"तू सांगतलं नसतं तं आमाले कसं समजलं असतं?" पंजाबराव म्हणाले.

"नसतंच समजलं. मंग माह्यामांगून जो कोनी बोट चालवंन, थोबी वाजते म्हनून पोतं घालंन. हेबी टाकी जाईन."

पंजाबरावांनी एकदा सभासदांकडं पाहिलं. मग त्यांनी धोतराच्या सोग्यात गुंडाळून आणलेलं हँडल काढलं.

"मी तुले लोकाइसामने बोललो होतो, नत्थुजी," ते म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच करडा होता, फक्त शब्द सावकाश येत होते. "म्हनून लोकाइसामनेच सांगतो. माहं चुकलं. बोट तुहीच हाय. घे."

नत्थुजीनं हँडल घेतलं. दोनदा मारलं तरी इंजिन धरेना. तिसऱ्यांदा देवमन पुढं झाला आणि दोघांनी मिळून मारलं. इंजिन खोकलं, धूर सोडला आणि लागलं. नत्थुजीनं झडपेत मान घालून दोन्ही टाक्यांखालच्या पट्ट्या बोटांनी चाचपल्या. कोरड्या.

"बसा मिस्त्री," तो ओरडला. "पल्याड जाऊन येऊ!"

"मी? नाई, नाई. मले पान्याची..."

पण बोट काठापासून सुटली होती. देवमन दोन्ही हातांनी काठ धरून खाली बसला. काठावर कौशल्या घाबरून दोन पावलं पाण्यात गेली. "बाई, त्याइले पोहता येत नाई व!"

"आमचे हायेत ना संग," सुंदराबाई म्हणाली आणि तिचा हात धरून तिला बाहेर ओढलं.

बोट लांब गेली, लहान झाली. पाण्यावरून आधी देवमनचं काहीतरी ओरडणं आलं, आणि त्यावर नत्थुजीचं हसणं. दोघी काठावर बसल्या. "याइले यायले वेळ लागंन," सुंदराबाई म्हणाली, आणि भाकरीचं गाठोडं सोडून तिनं अर्धी भाकरी कौशल्येच्या हातावर ठेवली.